शिकाऊ हात आणि सोपवलेली गुपितं

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘मुस्लिम तरुण आणि मानसिक आरोग्य’. विषय चांगला आहे, पण त्यावर बोलायला उभं राहिलं की माणूस उपदेशच करायला लागतो. मोबाइल कमी बघा, लवकर झोपा, अम्मी-अब्बूंशी बोला. हे तुम्ही घरी रोज ऐकता. म्हणून ठरवलं, जे मी स्वतः केलंय तेवढंच सांगायचं. मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात प्रशिक्षण क्लिनिक चालवलं. ते कसं चालतं, तिथे काय चुकतं आणि तुमचा त्याच्याशी काय संबंध, एवढंच आज बोलणार आहे.

डेंटल कॉलेज तुम्हाला माहीत आहे. दात दुखला आणि खिशात पैसे नसले की लोक तिथे जातात. शिकणारा मुलगा दात साफ करतो, मागे सर उभे असतात. आमचं क्लिनिक तसंच. एम.ए. झालेले आणि पुढचं प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी तिथे लोकांना भेटतात. फी नावापुरती, ज्याला तीही जमत नाही त्याला माफ. फरक एकच. दात साफ करताना सर मागे उभे राहू शकतात. माणूस आपलं दुःख सांगत असताना तिसऱ्याने मागे उभं राहून चालत नाही. मग शिकवायचं कसं आणि लक्ष ठेवायचं कसं? क्लिनिक चालवणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर रोज नव्याने शोधणं.

ही कल्पना नवी नाही. 1896 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाने पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं. त्याच्याकडे पहिला आला तो स्पेलिंग न जमणारा एक शाळकरी मुलगा. त्याच्या शिक्षिकेनेच त्याला आणलं होतं. विटमरचं म्हणणं साधं होतं: जे शास्त्र एका मुलाला उपयोगी पडत नाही ते वर्गात शिकवून काय करायचं? आपल्याकडे मुंबईत 1937 साली, आज ज्याला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो तिथे, मुलांसाठी मार्गदर्शन क्लिनिक सुरू झालं. म्हणजे शिकणं आणि सेवा एकाच छपराखाली आणण्याची ही रीत आपल्या राज्यातही जुनी आहे.

आता काम कसं चालतं ते सांगते. आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत आम्ही तीन गोष्टी सांगतो. एक, तुमच्यासमोर बसलेली व्यक्ती अजून शिकते आहे. दोन, तुमचं बोलणं ती तिच्या मार्गदर्शकाला सांगणार, त्याशिवाय तिला काम करता येणार नाही. तीन, तुम्ही हो म्हणालात तरच बोलणं रेकॉर्ड होईल आणि तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. बऱ्याच जणांना वाटतं की हे सांगितल्यावर लोक उठून जात असतील. फार थोडे जातात. खरं सांगितलेलं लोकांना आवडतं.

विद्यार्थी आठवड्यातून एकदा माझ्यासमोर बसतो आणि आम्ही रेकॉर्डिंग ऐकतो. मी नेहमी एकच प्रश्न विचारते, ‘इथे तू का बोललीस?’ नवीन विद्यार्थी शांततेला घाबरतात. समोरची बाई रडायला लागली की लगेच म्हणतात, ‘रडू नका, सगळं ठीक होईल.’ ठीक होईल हे तुला कोणी सांगितलं? तुला तिचं रडणं सोसवेना म्हणून तू तिला गप्प केलंस. एवढं एक समजायला काहींना सहा महिने लागतात.

आता माझ्या चुकीबद्दल.

सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण सून यायची. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आज सांगतेय त्या सगळ्या गोष्टींतले तपशील मी बदलले आहेत, पण चूक जशी झाली तशीच सांगते. ती घरी ‘शिवणाच्या क्लासला जाते’ असं सांगून यायची. एकदा तिची वेळ बदलावी लागली. आमच्या कार्यालयातून तिने दिलेल्या नंबरवर फोन गेला. तो मोबाइल घरात सगळे वापरायचे. उचलला नणंदेने. आमच्या माणसाने सरळ सांगितलं, ‘मानसशास्त्र विभागातून बोलतोय, उद्याची भेट परवा केली आहे.’ त्यानंतर ती कधीच आली नाही. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

फोन करणाऱ्याचा दोष नव्हता. कोणाला, कधी, काय सांगून फोन करायचा हे मी लिहूनच दिलं नव्हतं. उपचारांच्या पद्धतींवर मी महिनाभर व्याख्यानं दिली होती आणि फोन कसा करायचा यावर पाच मिनिटंसुद्धा नाही. त्या दिवसापासून आमच्या अर्जात चार ओळी वाढल्या: हा फोन कोणाचा आहे? दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं? मेसेज पाठवला तर चालेल का? कोणत्या वेळी फोन करू नये? फायलींवर नावाऐवजी नंबर आला. बाहेरची ‘मानसिक रुग्ण तपासणी’ अशी पाटी काढून फक्त खोली क्रमांक ठेवला.

आपल्याकडे एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती वापरायची नाही, दाखवायची नाही, जशीच्या तशी जपायची. लहानपणी अम्मी शेजारणीचे दागिने पेटीत ठेवायची, तेव्हा आम्हाला त्या पेटीला हात लावायचीही परवानगी नव्हती. माणसाचं गुपित हीसुद्धा अमानत आहे. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोष्ट कलम 23 मध्ये हक्क म्हणून लिहिली. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे. त्याला अपवाद आहेत आणि तेही आम्ही पहिल्या दिवशीच सांगतो. कोणाच्या जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प बसणार नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. जे वचन पाळता येणार नाही ते द्यायचंच नाही, हासुद्धा अमानतीचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट भाषेची.

उदासीनता मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, तिला पीएचक्यू-9 म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकदा एका वयस्कर खालांना विद्यार्थिनीने तो विचारला. खाला म्हणाल्या, ‘हां बेटा, रोज आता है.’ विद्यार्थिनीने तीन गुण दिले आणि घाबरीघुबरी होऊन माझ्याकडे धावत आली. मी जाऊन खालांशी बोलले. त्या रोज फजरच्या नमाजनंतर मौत आठवत होत्या, कारण मौत आठवल्याने माणूस वाईट कामांपासून दूर राहतो असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांना जगायचं होतं. नातीच्या शादीची त्या वाट बघत होत्या.

याच्या उलटही झालं. एक मुलगा म्हणाला, ‘अल्लाह बुला ले तो अच्छा है.’ विद्यार्थ्याला आधीची गोष्ट माहीत होती. त्याने हे धार्मिक बोलणं समजून सोडून दिलं. रेकॉर्डिंग ऐकताना मी त्याला थांबवलं. त्या मुलाच्या आवाजात मौतीची याद नव्हती, सुटकेची मागणी होती. आम्ही त्याच दिवशी त्याला परत बोलावलं आणि सरळ विचारलं, ‘स्वतःला संपवायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?’ त्याने ठरवलं होतं. त्याच्या परवानगीने मोठ्या भावाला बोलावलं, घरातली कीटकनाशकाची बाटली हलवली, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवलं. दोस्तांनो, असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार नव्याने शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. हे आज इथून जाताना नक्की लक्षात ठेवा.

पुस्तकं इंग्रजीत, वर्ग मराठीत, आलेली माणसं दखनीत बोलणारी. ‘डिप्रेशन’ कोणी म्हणत नाही. ‘दिल घबराता’, ‘जी नहीं लगता’, ‘सीने पे पत्थर रखे जैसा’ असं म्हणतात. हे शब्द ज्याच्या घरात बोलले जातात असा विद्यार्थी वर्गात एकही नसेल, तर त्या क्लिनिकचा एक कान बंद आहे असं समजा.

तिसरी गोष्ट धर्माची.

एक मुलगा यायचा. वुजू करायला त्याला पाऊण तास लागायचा. हात धुतला की वाटायचं, नीट भिजला नाही, पुन्हा सुरुवात. जमात चुकायची, कॉलेज चुकायचं, हातांची कातडी निघाली होती. घरच्यांना आधी वाटलं, पोरगा किती परहेजगार आहे. मग वाटलं, कसला तरी असर आहे. आमील झाला, तावीज झाले. आमची विद्यार्थिनी हिंदू होती. तिला आजार ओळखता आला, पण पुढे जाईना. ती म्हणाली, ‘मॅडम, मी त्याला धुऊ नकोस म्हटलं तर त्याच्या धर्मात ढवळाढवळ होईल.’

मी तिला म्हटलं, ‘त्याच्या परवानगीने त्याच्या मशिदीतल्या मौलानांना विचारूया.’ मौलाना आले. त्यांनी मुलाला सांगितलं की अवयव जास्तीत जास्त तीनदा धुवायचा, पुढे धुणं नापसंत आहे, आणि शंकेने खात्रीची गोष्ट मोडत नाही हा फिकहचा जुना कायदा आहे. मग विद्यार्थिनीने आपलं काम सुरू केलं: तीनदा धुवायचं, नळ बंद करायचा, बेचैनी आली तरी परत धुवायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. हळूहळू वेळ कमी होत गेला. मौलानांनी उपचार केले नाहीत आणि विद्यार्थिनीने फतवा दिला नाही. दोघांनी आपापलं काम केलं.

या आजाराला आपल्याकडे वसवसा म्हणतात आणि त्यावर लिहिणारे आपल्या परंपरेतच होऊन गेले. बल्खचे अबू जैद अल-बल्खी हे नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि पाठ न सोडणारे विचार यांचा वेगवेगळा विचार केला. वैद्य शरीर बघतात आणि मनाकडे दुर्लक्ष करतात अशी त्यांची तक्रार होती. हजार वर्षांनी आपण ‘मन का इलाज’ म्हटलं की तोंड लपवतो.

याच परंपरेची दुसरी बाजूही डोळे उघडून बघायला हवी. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका आश्रयगृहाला आग लागली. मनोरुग्णांना तिथे साखळ्यांनी बांधलं होतं. त्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. आज माणसाला साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, 2017 च्या कायद्याच्या कलम 95 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण साखळी फक्त लोखंडाची नसते. आजारी बहिणीला खोलीत कोंडून ‘गावाला गेली आहे’ असं सांगणारी घरं तुम्हाला आणि मला माहीत आहेत.

मग दर्ग्यात जाऊ नका असं म्हणायचं का? मी नाही म्हणत. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा और दुआ’ नावाने काम उभं राहिलं. आजार ओळखायला मुजावरांनाच शिकवलं आणि डॉक्टर दर्ग्याच्या आवारात बसायला लागले. दुआ मागा आणि दवाही घ्या. भांडण न करता अशी वाट निघते.

चौथी गोष्ट जरा कडू आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीकडे एक गृहस्थ आले. छातीत धडधड, जीव जाईल अशी भीती, हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. दोन भेटी चांगल्या झाल्या. तिसऱ्या भेटीआधी त्यांनी कार्यालयात सांगितलं, ‘मला दुसरं कोणी द्या. हिचं नाव आज नीट वाचलं.’ विद्यार्थिनी मुस्लिम होती.

विभागात वाद झाला. एक सहकारी म्हणाले, ‘पेशंटचं हित आधी. बदलून द्या.’ मी म्हटलं, ‘आज नाव बदलून दिलं तर उद्या जात बघून बदलून मागतील. मग आपण विद्यार्थ्यांना काय शिकवतोय?’ शेवटी ठरलं की धर्म किंवा जात बघून माणूस बदलून मिळणार नाही. त्या गृहस्थांशी मी स्वतः बोलले. नियम सांगितला, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीचा पत्ता आणि चिठ्ठी दिली. ते गेले. तिकडे पोहोचले की नाही, कळलं नाही. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते, पण तो माणूस खरोखर त्रासात होता हेही मला विसरता येत नाही.

आणि त्या मुलीशी मी सुरुवातीला चुकीचं वागले. तिला म्हटलं, ‘मनावर घेऊ नकोस, व्यावसायिक राहा.’ ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि पुढचे दोन आठवडे रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा मला कळलं, रडणाऱ्या बाईला गप्प करू नका असं इतरांना शिकवणारी मी, हिला गप्प केलं होतं. मग आम्ही एक पूर्ण तास फक्त त्यावरच बोललो.

काही महिन्यांनी एक मुस्लिम बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘मला मुस्लिम मुलगी नको.’ त्यांना आम्ही बदलून दिलं. तुम्ही विचाराल, हा कुठला न्याय? मी त्यांना कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘आपला मोहल्ला छोटा. तिची अम्मी आणि माझी जाऊ एकाच इज्तिमाला जातात.’ त्यांना त्या मुलीचा तिरस्कार नव्हता, गुपित फुटण्याची भीती होती. ओळखीच्या वर्तुळातल्या माणसाकडे केस द्यायची नाही, हा तर आमचाच नियम आहे. कोणी अत्याचार सोसलेली बाई ‘मला बाईच हवी’ म्हणाली तर तेही ऐकतो. मागणी दिसायला सारखी असते, म्हणून आधी कारण विचारायचं.

शेवटची अडचण दर एप्रिलमध्ये येते. विद्यार्थ्यांचं वर्ष संपतं, पण माणसांची दुःखं कॅलेंडर बघत नाहीत. ज्याच्यापुढे आठ महिने मन उघडलं तो निघून जाणार. म्हणून निरोपाची तयारी दोन महिने आधी सुरू होते. कधी जाणार हे स्पष्ट सांगायचं, पुढच्या विद्यार्थ्याची ओळख करून द्यायची, जुना आणि नवा दोघं एका भेटीला एकत्र बसायचं. ज्यांना आयुष्यात सगळे न सांगता सोडून गेले, त्यांना सांगून, हात हलवून निरोप घेणारा माणूस पहिल्यांदा भेटतो. काही वेळा तोच उपचाराचा सर्वांत मोठा भाग ठरतो.

आता तुमच्याकडे येते. तीन गोष्टी सांगते आणि थांबते.

एक, या क्षेत्रात या. पण नीट शिकून या. नुसतं एम.ए. करून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. अभ्यासक्रमांचे नियम बदलत असतात, म्हणून फी भरण्याआधी त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत आहे का ते स्वतः बघा. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर मोहल्ल्यात ‘काउन्सेलर’ची पाटी लावू नका. ज्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नाही, तो शिकाऊ हात धोक्याचा.

दोन, मदत घ्यायला लाजू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, नंबर 14416, रात्रीसुद्धा चालू असतो. आत्ताच मोबाइलमध्ये टाका. उपचार हा हक्क आहे. धर्म, जात, लिंग बघून तो नाकारता येत नाही, असं कायद्याच्या कलम 18 मध्ये लिहिलं आहे. कोणी नाकारलं तर हे कलम दाखवा. तुमच्या शहरातल्या विद्यापीठात असं क्लिनिक आहे का तेही विचारा. नसेल तर का नाही, तेही विचारा.

तीन, हे सगळं न करताही तुम्ही एक गोष्ट करू शकता. दोस्ताने रात्री काही सांगितलं, तर ते सकाळी ग्रुपवर टाकू नका. चेष्टेतही नको, ‘त्याच्यासाठी दुआ करा’ म्हणूनही नको. फक्त जीव धोक्यात असेल तर एकटे राहू नका, मोठ्या माणसाला सांगा. एरवी ऐका आणि जपून ठेवा.

ती शिवणाच्या क्लासचं नाव सांगून येणारी सून मला अजून आठवते. तिने आमच्याकडे अमानत ठेवली होती आणि आम्ही पेटी उघडी टाकली. तुमच्याकडे कोणी ठेवली, तर पेटीला कुलूप असू द्या.

आता तुम्ही विचारा, मी ऐकते.